फूटपाथला चाक आपटलं, अलाइनमेंट 'ओके' आलंय, तरी गाडी डावीकडे ओढतेय. अजून काय तपासायचं?

केतकीचं_बन (रविवार, रात्री ११:१०)

नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक, ५४ हजार किमी झालेत, आजपर्यंत कुठे खरचटलंही नव्हतं. मागच्या मंगळवारी रात्री सातारा रोडवरून घरी येत होते, धो धो पाऊस, शेजारची रिक्षा अचानक माझ्या बाजूला आली म्हणून मी डावीकडे घेतलं आणि पुढचं डावं चाक फूटपाथच्या कोपऱ्याच्या दगडावर तिरकं आपटलं. स्पीड फार नव्हता, २५-३० असेल, पण आवाज असा आला की पोटात गोळा आला. उतरून बघितलं तर टायरमध्ये हवा होती, रिमच्या कडेला ओरखडा होता, बंपरला काहीच नाही, म्हणून तशीच घरी आणली.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की सरळ रस्त्यावर स्टेअरिंग उजवीकडे वळलेलं राहतंय. जवळच्या टायरच्या दुकानात नेली, त्यांनी अलाइनमेंट केलं, स्क्रीनवर सगळं हिरवं दाखवलं, स्टेअरिंगही सरळ झालं. पण हात जरा सैल सोडला की गाडी डावीकडे जाते आणि डावीकडे पूर्ण वळवलं की आतून हलकासा घासल्यासारखा आवाज येतो. दुकानदार म्हणतो रस्त्याचा उतार असतो मॅडम, चालवा बिनधास्त. पुढच्या शनिवारी आई-बाबांना घेऊन कराड-कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे गावी जायचंय गणपतीला, आणि मला या गाडीचा आता भरवसा वाटत नाहीये. कुठून सुरुवात करू?


नवखा_चालक (रविवार, रात्री ११:३२)

ताई टायर अदलाबदल करून बघा ना, माझ्या गाडीचं ओढणं टायरमुळेच होतं, डावं उजवीकडे टाकल्यावर गाडी उजवीकडे ओढायला लागली आणि मग कळलं.


पाना_चौदा (सोमवार, सकाळी ६:५०)

ताई, मी नाशिकला २२ वर्षं गॅरेजमध्ये काम करतोय, त्यातली निम्मी फक्त सस्पेन्शनवर. आधी एकच सांगतो, घाटात जायचं की नाही हे आज ठरवू नका, आधी गाडी बघू.

स्क्रीन हिरवी आली म्हणजे सस्पेन्शन चांगलं आहे असं अजिबात नसतं. तुमच्यासारख्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे फक्त टो अ‍ॅडजस्ट होतो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकांची तोंडं आत आहेत की बाहेर तेवढंच. कॅम्बर म्हणजे समोरून बघितल्यावर चाक किती कललंय ते, आणि कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष बाजूने बघितल्यावर मागे किती झुकलाय ते, हे दोन्ही कंपनीतून जसे बसलेत तसेच राहतात, फिरवायला बोल्टच दिलेला नसतो. मग चाक आपटून आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा लोखंडी हात, वाकला तर चाक आत आणि मागे सरकतं, टो बिघडतो, स्टेअरिंग तिरकं होतं, आणि दुकानदार टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) फिरवून टो पुन्हा हिरवा करून देतो. स्टेअरिंग सरळ झालं, गिऱ्हाईक खूश, पण वाकलेला आर्म जिथे होता तिथेच आहे. तुमच्या गाडीत दुखणं होतं ते त्या स्टेअरिंगवरून दिसत होतं, आता ते दिसणंही गेलं. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण आपटलेली गाडी आहे म्हटल्यावर आधी खाली वाकून बघायला हवं होतं आणि मग टाय रॉडला पाना लावायला हवा होता.

नवखा भाऊ म्हणतात ते खरंय, टायरमुळेही गाडी ओढते, पण ताईंच्या गाडीचं ओढणं आपटल्यावर सुरू झालंय आणि वळवताना घासतंयसुद्धा, तेव्हा मी आधी चाकाच्या जागेवर संशय घेईन.

आज घरी एवढं करा. गाडी सपाट जागेवर, पार्किंगमध्ये फरशी असेल तर उत्तम, स्टेअरिंग सरळ. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना टेपने मापा. मग चाकाच्या मागे, टायर आणि मडगार्डची मागची कड यातलं अंतर दोन्हीकडे मापा. नंतर पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, डावीकडे वेगळं आणि उजवीकडे वेगळं. गवंड्याचा ओळंबा मिळाला तर हबच्या मध्यातून खाली सोडून फरशीवर खडूने खूण करा आणि खुणांमधलं अंतर घ्या, टेप लोंबकळत नाही आणि माप नीट येतं. दोन-चार मिलिमीटरचा फरक कारखान्यातूनच असू शकतो, पण त्याच्या वर गेला की मला सांगा.

आणि टायरच्या आतल्या बाजूने हात फिरवा. बाहेरून नाही, आतून. फुगा आला असेल तर हाताला लागतो.


वऱ्हाडी_ड्रायव्हर (सोमवार, सकाळी ९:१५)

पाना भाऊनं बराबर सांगितलं. माझी टॅक्सी आहे अमरावतीले, मागच्या वर्षी असाच डिव्हायडरले ठोकला होता, टायरले बाहेरून काहीच नोहतं, आतून लिंबाएवढा फुगा. टायरवाल्यानं म्हटलं चालते भाऊ, म्या म्हटलं नाही चालत, आतले धागे तुटले की मग फक्त वरचं रबर हवा धरून राह्यते, हायवेवर गरम झालं की फुटते ते. पंक्चरसारखं ते शिवता येत नाही ना पॅच लावता येत नाही. ताई आधी टायर पाहा, बाकी मंग.


केतकीचं_बन (सोमवार, रात्री ९:४०)

बापरे, फुगा आहे. डाव्या टायरच्या आतल्या भिंतीवर, बोटाच्या पेराएवढा. आठवडाभर मी यावर ऑफिसला जात होते. आत्ताच बाबांच्या मदतीने स्टेपनी लावली, स्टेपनी त्याच मापाची आहे पण स्टीलच्या रिमवर. जुना टायर बाजूला काढून ठेवलाय.

मापं घेतली. वरचं अंतर दोन्हीकडे जवळपास सारखं, ३ मिमीचा फरक. पण चाकाच्या मागचं अंतर डावीकडे कमी आहे, आणि पुढचं चाक ते मागचं चाक डावीकडे ७ ते ८ मिमी कमी भरतंय. ओळंबा शेजारच्या बांधकामावरून आणला, तीन वेळा मापलं, तेवढंच येतंय. म्हणजे चाक खरंच मागे गेलंय का? डोळ्यांना काहीच दिसत नाही हो.


पाना_चौदा (सोमवार, रात्री १०:२०)

डोळ्यांना दिसणार नाही. आठ मिलिमीटर म्हणजे तुमच्या करंगळीच्या नखाएवढं. पण चाक वळताना तेवढ्यानेच मागच्या लायनरला, मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला, घासतं, तुमचा आवाज तोच.

आता जॅकवर चढवायचं काम. हे एकटीने करू नका, आणि नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली डोकं घालू नका, घोडी (गाडी टेकवायचा स्टँड) लावा, मागच्या चाकांना विटा लावा, हँडब्रेक ओढा. घोडी नसेल तर गॅरेजमध्येच करा, माझा आग्रह आहे.

चाक उचललं की वर आणि खाली, घड्याळात १२ आणि ६ वाजता असतात तिथे हात धरून हलवा. तिथे खेळ असेल तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोळ्याचा सांधा). दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट नाहीतर वरचं स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्जॉर्बरच्या खांबाचं) माउंट. मग ३ आणि ९ वर धरून हलवा, खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड (टाय रॉडचं आतलं टोक), रबरी बूट हाताने दाबून धरला की आतला आहे का ते बोटांना कळतं. नंतर टॉमी (लोखंडी पहार) घेऊन आर्म आणि नकलच्या (चाकाचा हब धरणाऱ्या तुकड्याच्या) मध्ये हळू उचकटून बघा, बॉल जॉइंट वरखाली व्हायला नको. आर्मच्या मागच्या बुशचं (आर्म गाडीला धरणाऱ्या रबरी सांध्याचं) रबर लोखंडापासून सुटलंय का, चीर पडलीय का, टॉर्च मारून बघा. मागचा बुश बहुतेक वेळा आधी जातो, कारण चाक मागे ढकललं गेलं की सगळा मार त्याच्यावर येतो.

चाक हाताने सावकाश फिरवा आणि रिमच्या कडेजवळ एक पेन स्थिर धरा. रिम वाकलं असेल तर पेनपासूनचं अंतर कमीजास्त होताना दिसेल. तुम्ही आता स्टेपनी लावलीय म्हणून मूळ अ‍ॅलॉय चाक पुन्हा चढवून ही तपासणी करा, नाहीतर दुसरंच चाक तपासाल. अ‍ॅलॉयच्या आतल्या बाजूला केसासारखी चीर आहे का तेही बघा, चीर असेल तर ते रिम वेल्डिंग करून वापरू नका.

आणि दोन गोष्टी ज्या कुणी बघत नाही. एक, दोन्ही टाय रॉडवर लॉकनटच्या बाहेर किती आटे दिसतात ते मोजा, डावीकडे आणि उजवीकडे. दोन, क्रॉस मेंबर, म्हणजे दोन्ही आर्म ज्याला जोडलेले असतात तो गाडीखालचा आडवा सांगाडा, बॉडीला ज्या बोल्टांनी धरलाय त्या बोल्टांच्या डोक्याभोवती बघा. क्रॉस मेंबर सरकला असेल तर वॉशरच्या एका बाजूला घासलेली, चकचकीत, चंद्रकोरीसारखी पट्टी दिसते, जिथे आठवडाभरापूर्वी धूळ आणि गंज होता. पाण्याचे दिवस आहेत, तीही एक-दोन आठवड्यांत गंजून जाते, म्हणून लवकर बघा. आर्मवरचा काळा रंग कुठे तडकून पापुद्रे निघालेत का तेही. पत्रा वाकतो तिथे रंग आधी फाटतो.


उद्यमनगरकर (मंगळवार, सकाळी ८:०५)

पाना दादा, सगळं मान्य, पण आर्म वाकला म्हणून लगेच नवीन घ्यायलाच पाहिजे असं काय न्हाई. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात गरम करून प्रेसवर सरळ करून देत्यात, वडिलांच्या जीपचं आम्ही असंच करायचो, वर्षानुवर्षं चालली की. हल्ली लोक पार्ट बदलत सुटल्यात.


पाना_चौदा (मंगळवार, सकाळी ८:४०)

भाऊ, उद्यमनगरातल्या कारागिरांबद्दल मला फार आदर आहे, लेथवरचं आणि ओतकामाचं काम तिथलं बघावं. पण जुन्या जीपची गोष्ट वेगळी होती, तिला पाटे होते, घन अ‍ॅक्सल होता, जाड लोखंड. आत्ताचा लोअर आर्म म्हणजे पातळ पण जास्त ताकदीच्या पत्र्याचे दोन तुकडे दाबून वेल्ड केलेले असतात. त्याला लाल होईपर्यंत तापवला की त्या जागेची ताकद जाते, आणि तो पुढच्या खड्ड्यात तिथेच मुडपतो. थंडच ठोकून सरळ केला तरी एकदा वाकलेली जागा दुसऱ्यांदा सोपी वाकते, वेल्डला तडा जातो तो वेगळाच. काही गाड्यांना अ‍ॅल्युमिनियमचा आर्म असतो, तो तर सरळ करायला गेलात तर तुटतोच. या एका तुकड्यावर पुढचं चाक धरलेलं असतं. बॉल जॉइंट निसटला की चाक मडगार्डखाली आडवं पडतं आणि स्टेअरिंग हातात असून उपयोग नसतो. माझ्या डोळ्यांसमोर अशी गाडी टो करून आलेली आहे, म्हणून यावर मी वाद घालतो.


उद्यमनगरकर (मंगळवार, सकाळी ९:१०)

पत्र्याचं म्हणताय ते पटलं. जीपचा आर्म असा नव्हताच, खरंय. ताई, मग नवीनच घाला, आणि जुन्या बाजारातला वापरलेला तर नकोच, तोसुद्धा कुठल्या तरी ठोकलेल्या गाडीचाच असतो.


नेकारकाठ (मंगळवार, दुपारी १:३०)

मी श्टुटगार्टला राहतो. इथे गाडीची सक्तीची तपासणी दर दोन वर्षांनी असते, त्यात पुढची चाकं जमिनीतल्या दोन हलत्या पट्ट्यांवर उभी करतात आणि त्या पट्ट्या चाकं डावी-उजवीकडे, पुढे-मागे ढकलतात, तपासणारा खाली खड्ड्यात उभा राहून टॉर्चने प्रत्येक जॉइंट बघतो. हाताने हलवून न दिसणारा खेळ त्यात लगेच दिसतो, कारण गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असतं. तिकडे एखाद्या मोठ्या वर्कशॉपमध्ये अशी सोय असेल तर नक्की वापरा केतकी. मला इथे हिवाळ्यात बर्फावरून घसरून मागचं चाक फूटपाथला आडवं लागलं होतं. पुढचं सगळं ठीक, पण गाडी किंचित तिरकी चालत होती, मागचा बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) वाकला होता आणि मागे अ‍ॅडजस्ट करायला काहीच नसतं, बीम बदलावा लागला. म्हणून चारही चाकांची मापं घ्या, फक्त पुढच्या दोनची नाही.


पाना_चौदा (मंगळवार, दुपारी २:१५)

नेकारकाठ, चांगली आठवण केलीत. ताई, सोपी युक्ती सांगतो. पाऊस आहेच. कोरड्या सपाट रस्त्याआधी जिथे पाणी साचलंय तिथून सरळ गाडी न्या आणि थांबून मागे ओले पट्टे बघा. मागच्या चाकांचे पट्टे पुढच्यांच्या बरोबर वर किंवा दोन्ही बाजूंना सारखे आत-बाहेर पडले पाहिजेत. दोन्ही पट्टे एकाच बाजूला सरकलेले दिसले तर गाडी तिरपी चालतेय.


केतकीचं_बन (बुधवार, रात्री १०:०५)

आज अर्धा दिवस सुट्टी काढून एका ओळखीच्या मेकॅनिककाकांकडे गेले, त्यांना तुमचे सगळे मेसेज वाचून दाखवले, त्यांनी न कंटाळता एकेक केलं. ओले पट्टे कालच बघितले होते, मागचे ठीक आहेत, दोन्हीकडे सारखे.

१२-६ ला खेळ नाही. ३-९ ला अगदी थोडा, डावीकडे, टाय रॉड एंडमध्ये. मागच्या बुशला चीर आहे. अ‍ॅलॉय चाक चढवून पेन धरलं, रिम फारसं वाकलेलं नाही, चीर नाही. आटे डावीकडे ८ दिसतात, उजवीकडे १४. क्रॉस मेंबरच्या बोल्टांजवळ काकांना चंद्रकोर वगैरे दिसली नाही पण ते म्हणाले चिखल एवढा आहे की मी छातीठोक सांगू शकत नाही. आर्म काढल्याशिवाय वाकलाय की नाही तेही डोळ्याने सांगता येत नाही म्हणाले.

मग त्यांच्या ओळखीने दुसऱ्या ठिकाणी जिथे नवीन मशीन आहे तिथे फक्त मापं घ्यायला गेलो, काही फिरवायचं नाही असं आधीच सांगितलं. त्यांनी आधी कॅस्टर मोजायला नाहीच म्हटलं, वेळ लागतो म्हणे, मी म्हटलं पैसे जास्त घ्या पण मोजा. आकडे असे आले:

कॅम्बर डावा +०°४०', उजवा −०°१५'
कॅस्टर डावा ३°०५', उजवा ४°००'
एसएआय डावा ११°५०', उजवा १२°४५'
टो हिरवा.

कॅम्बरसुद्धा कंपनीच्या मर्यादेत आहे म्हणून हिरवाच दाखवतोय!! मला या आकड्यांतलं काही कळत नाही.


पाना_चौदा (बुधवार, रात्री ११:००)

ताई, तुम्ही फार मोठं काम केलंत. एसएआय कुणी मागत नाही, आणि खरा चोर तिथेच सापडतो. सावकाश सांगतो, इतरांनाही उपयोगी पडेल.

पुढचं चाक वळतं ते एका तिरक्या रेषेभोवती. ती रेषा वरच्या स्ट्रट माउंटपासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत जाते. समोरून बघितलं तर ती रेषा आत झुकलेली असते, तो झुकाव म्हणजे एसएआय, स्टेअरिंग अ‍ॅक्सिस इंक्लिनेशन. ही रेषा आणि चाक यांच्यातला कोन नकल आणि स्ट्रटच्या लोखंडात ठरलेला असतो, तो कॅम्बर आणि एसएआयची बेरीज करून कळतो. आता तुमची बेरीज करा.

डावीकडे ११°५०' अधिक ०°४०', म्हणजे १२°३०'.
उजवीकडे १२°४५' वजा ०°१५', म्हणजे १२°३०'.

दोन्हीकडे अगदी सारखी. याचा अर्थ नकल वाकलेला नाही, स्ट्रटही वाकलेला नाही. ते वाकले असते तर बेरीज बदलली असती. पण रेषा स्वतःच डावीकडे कमी झुकलीय, म्हणजे एकतर खालचा बॉल जॉइंट आत ढकलला गेलाय किंवा वरचं टोक बाहेर गेलंय. वरचं टोक बॉडीच्या टॉवरमध्ये असतं, २५-३० च्या वेगात फूटपाथच्या धक्क्याने ते हलणं कठीण. आणि कॅस्टर डावीकडे जवळपास एक अंशाने कमी, म्हणजे बॉल जॉइंट मागेही गेलाय. तुमच्या ओळंब्याच्या ७-८ मिलिमीटरशी हे तंतोतंत जुळतं. कॅस्टर कमी असलेल्या बाजूला गाडी ओढते, कॅम्बर बाहेर कललेल्या बाजूलाही ओढते, तुमच्या डाव्या चाकात दोन्ही एकदम झालंय. रस्त्याचा उतार त्यात थोडी भर घालतो एवढंच. आटे कमी दिसतात तेही त्यामुळेच, बॉल जॉइंट आत गेला तर टाय रॉड आखूड केल्याशिवाय टो जुळणारच नाही.

आता एकच प्रश्न राहतो. बॉल जॉइंट आत गेला तो आर्म वाकल्यामुळे, की पूर्ण क्रॉस मेंबरच उजवीकडे सरकल्यामुळे? क्रॉस मेंबर सरकला असेल तर डावीकडे जेवढा कॅम्बर बाहेर गेला तेवढाच उजवीकडे आत जातो, कारण दोन्ही आर्म त्यालाच जोडलेले असतात. तुमचा उजवा −०°१५' आहे. तो आधीपासून तसा होता की आता झालाय हे कळलं तर निकाल लागेल. जुना अलाइनमेंटचा कागद आहे का कुठे?


केतकीचं_बन (बुधवार, रात्री ११:५५)

आहे!! बाबा सगळ्या पावत्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतात, मी नेहमी चिडायचे त्यांच्यावर. जानेवारीत टायर बदलले तेव्हाचा कागद मिळाला. एसएआय नाहीये त्यात, पण कॅम्बर डावा −०°१०', उजवा −०°१५'. कॅस्टर डावा ३°५५', उजवा ४°००'.


पाना_चौदा (गुरुवार, सकाळी ६:३०)

बाबांना माझा नमस्कार सांगा. उजवी बाजू जानेवारीत होती तिथेच आहे, एक मिनिटही (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) हलली नाही. म्हणजे क्रॉस मेंबर जागेवर आहे. डावा आर्म वाकलाय. डावा कॅम्बर ५० मिनिटं बदलला, कॅस्टरही ५० मिनिटं, चाक सरळ मागे नाही तर आत आणि मागे सारखंच ढकललं गेलंय, तिरकं आपटलंत ना, तसंच.

डावा लोअर आर्म बॉल जॉइंट आणि बुशसकट नवीन. डावा टाय रॉड एंड नवीन. काढलेला जुना आर्म नवीनच्या शेजारी फरशीवर ठेवून फोटो काढा, भोकं जुळतात का बघा. बसवताना बुशचे बोल्ट चाक हवेत लटकत असताना पक्के आवळू द्यायचे नाहीत, गाडी खाली चाकांवर उभी करायची आणि मग आवळायचे. लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. बॉल जॉइंटचा आणि टाय रॉडचा नट जुना लावायचा नाही, नवीन घ्यायचा. नंतर अलाइनमेंट, आणि कॅस्टर-एसएआय पुन्हा मोजून कागद घ्या.

एक ताकीद. कुणी म्हटलं की स्टेअरिंग काढून एक दात फिरवून सरळ बसवतो, तर नाही म्हणा. स्टेअरिंगखाली एअरबॅगच्या वायरची गुंडाळी असते, तिचा मध्य ठरलेला असतो. तो चुकला की पूर्ण वळवताना एका बाजूला वायर ताणली जाते, आणि एअरबॅगचा दिवा लागतो. स्टेअरिंग टाय रॉडवरूनच सरळ करायचं.


सर्व्हे_पंधरा_वर्षं (गुरुवार, सकाळी १०:२०)

मी ठाण्यात विमा सर्व्हेचं काम करतो. फुल इन्शुरन्स असेल तर हे नुकसान क्लेममध्ये येतं, अपघाताने झालंय, झिजेमुळे नाही. पण पार्ट उघडण्याआधी कळवावं लागतं, खोलून झाल्यावर आम्हाला काही सिद्ध करता येत नाही. आणि कॅस्टर-कॅम्बरचा असा कागद सोबत असेल तर आम्हालाही दिसतं की दुखणं आत आहे. बऱ्याच जणांचं फक्त बंपर आणि रिम मंजूर होतं, कारण आतलं कुणी दाखवलेलंच नसतं.

तरी क्लेम करायचा का हे आकडेमोड करून ठरवा. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) नसेल तर पाच वर्षांवरच्या गाडीला लोखंडी पार्टवर ४० टक्के घसारा कापतात, रबर आणि प्लॅस्टिकवर ५० टक्के, टायरचेही निम्मेच मिळतात आणि तेही गाडीचं दुसरं नुकसान सोबत असेल तरच. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये तुमच्याच खिशातून. आणि नो क्लेम बोनस शून्यावर येतो, तो पुन्हा २०, २५, ३५, ४५, ५० असा चढायला पाच वर्षं लागतात. तुमचा बोनस ५० टक्के असेल तर त्या पाच वर्षांत एकूण सव्वा वर्षाच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमएवढं नुकसान होतं. खर्च दहा-बारा हजार असेल तर बहुधा स्वतः करणं परवडतं, वीसच्या पुढे गेला तर क्लेम बघा.


नवखा_चालक (गुरुवार, सकाळी ११:००)

सर, सव्वा वर्ष कसं आलं?


सर्व्हे_पंधरा_वर्षं (गुरुवार, सकाळी ११:१५)

दरवर्षी ५० मिळाले असते. त्याऐवजी पहिल्या वर्षी ०, मग २०, २५, ३५, ४५. तूट ५०, ३०, २५, १५, ५. बेरीज १२५ टक्के. प्रीमियम वर्षागणिक कमी होतो म्हणून थोडं कमी भरेल.


केतकीचं_बन (शुक्रवार, रात्री ९:२०)

झालं काम. क्लेम नाही केला. आर्म २,८५०, टाय रॉड एंड ७५०, एक टायर ५,४००, मजुरी १,८००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,२००, एकूण १२,००० झाले. नाना पेठेतून काकांनीच पार्ट आणले, डब्यावरचा नंबर माझ्यासमोर जुळवून बघितला.

जुना आर्म नवीनच्या शेजारी फरशीवर ठेवला आणि मी अक्षरशः सुन्न झाले. बॉल जॉइंटचं भोक जवळजवळ बोटाच्या जाडीएवढं सरकलेलं, आणि आतल्या बाजूला वेल्डच्या शेजारी रंग फाटून बारीक तडा दिसत होता. गाडीत बसवलेला असताना हे कुणालाही दिसलं नसतं. बाबा किती तरी वेळ तो हातात घेऊन बघत होते. काका मला विचारून बुशचे बोल्ट गाडी खाली उतरवून आवळत होते, तुम्ही सांगितलं होतं म्हणून.

नवीन आकडे: कॅम्बर डावा −०°१०', उजवा −०°१५'. कॅस्टर डावा ३°५५', उजवा ४°००'. एसएआय डावा १२°४०'. आटे डावीकडे आता १४ दिसतात, उजवीकडेही १४. वळताना घासत नाही. नवीन टायर आणि त्याच्या जोडीला स्टेपनीतला जेमतेम चार दिवस वापरलेला टायर अ‍ॅलॉयवर चढवून असे दोन्ही पुढे लावले, म्हणजे पुढची जोडी सारखी झाली. उजवीकडचा निघालेला जुना टायर स्टेपनीत गेला.


वऱ्हाडी_ड्रायव्हर (शुक्रवार, रात्री ९:४५)

लय चांगलं झालं ताई. तो फुग्यावाला टायर भंगारवाल्याले देताना चाकूनं कापून द्या, नाही तर कोणी तरी घासून-पुसून विकते अन् दुसऱ्याच्या गाडीले लागते.


पाना_चौदा (शुक्रवार, रात्री १०:१०)

५० किमी झाल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या, समोरासमोरचे, एकाआड एक. आणि हजार किलोमीटरनंतर पुढच्या दोन्ही टायरवर उलटा-सुलटा तळहात फिरवून बघा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेला करवतीसारखं लागलं तर टो अजून बरोबर नाही, मला इथेच लिहा.


केतकीचं_बन (मंगळवार, दुपारी ४:३०)

गावी पोचलो शनिवारीच. नट कराडला पेट्रोल पंपावर आवळले. कुंभार्लीत धुकं आणि पाऊस दोन्ही होतं, बाबा पुढे बसून सारखे माझ्या हातांकडे बघत होते, गाडी जिथे वळवली तिथेच वळत होती. नवीन कागद जानेवारीच्या कागदाला टाचून त्याच कप्प्यात ठेवलाय. कापलेल्या टायरचा फोटो खाली टाकतेय, फुगा आतून कसा दिसतो ते बघा, धागे तुटलेले स्पष्ट दिसतायत.